कुणाचं लोखंड, कुणाचा हात

अंजूरच्या आमच्या घरी माळ्यावर एक लोखंडी पेटी आहे. दारूगोळ्याची. आजोबांनी ती कल्याणच्या छावणीच्या डिस्पोजलमधून आणली आणि तिच्यात जमिनीचे कागद ठेवले. ते अजून तिथेच आहेत. कडीजवळ तीन बारीक रेघा ठोकलेल्या आहेत, वर एका बिंदूत मिळणाऱ्या आणि खाली कोंबडीच्या पंजासारख्या फाकलेल्या. लहानपणी मी त्यांच्यावरून बोट फिरवायचो. तो बाण म्हणजे ब्रिटिश सरकारच्या मालकीचा शिक्का, हे पुढे कळलं आणि मग तो जिथे तिथे दिसू लागला. जुन्या बाजारातल्या पाण्याच्या बाटलीवर, पितळी होकायंत्रावर, आणि एका दसऱ्याला मामांच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरवर.

कल्याणची छावणी आमच्यापासून लांब नव्हे. दुसऱ्या महायुद्धात पलटणी येता-जाता मुक्कामाला थांबाव्यात म्हणून उल्हास नदीकाठी बराकी उभ्या केल्या होत्या. फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासित राहायला आले आणि १९४९ साली त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. कॅम्प एक, कॅम्प दोन असे आकडे मात्र लोकांच्या तोंडी आजही आहेत. तीच उल्हास पुढे खाडी होऊन आमच्या अंजूरजवळून वसईकडे जाते. युद्ध संपल्यावर छावणीतलं सामान विकायला निघालं तेव्हा कांबळी, तंबू, बादल्या, पेट्या असं काय काय खाडीकाठच्या घरांत येऊन पडलं. त्या प्रत्येक वस्तूवर बाण होता. राज्य गेलं, बाण राहिला.

मामा पोलीस खात्यात आर्मरर होते. बंदुका दुरुस्त करणं, त्यांची नोंद ठेवणं, वर्षातून एकदा सगळ्या खोलून तेल देणं हे त्यांचं काम. दसऱ्याला शस्त्रपूजा असायची. पांढऱ्या चादरीवर रायफली ओळीने मांडलेल्या, त्यांच्या पुढ्यात काही रिव्हॉल्व्हर, झेंडूची माळ, हळदकुंकू, आपट्याची पानं. पूजा आटोपल्यावर मामा एकेक हत्यार पुसून परत कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, ठेवत. त्यातलं एक वेब्ली रिव्हॉल्व्हर त्यांनी हातात घेतलं आणि मला जवळ बोलावलं. “हे बघ. आज कुंकवाने वाचून दाखवलंय.”

काळ्या पोलादावर एरवी डोळ्यांना न दिसणारा ठसा कुंकू खाचेत बसल्यामुळे लाल उमटला होता. वर बाण आणि त्याच्या खाली रोमन लिपीतलं ‘आय’. त्याच्या शेजारी, थोडे तिरके, हाताने ठोकलेले दोन आकडे. मामा म्हणाले, बाण सरकारचा, आय हिंदुस्थानचा, आणि आकडे बट नंबरचे; बट नंबर ज्याच्या नावावर लागला त्याने तेच हत्यार उचलायचं आणि तेच परत ठेवायचं. मग त्यांनी तेलाच्या चिंधीने कुंकू पुसून टाकलं. ठसा पुन्हा काळ्यात मिसळून गेला. “कुंकू राहिलं तर गंज धरतो,” एवढंच म्हणाले.

पुढे त्यांनीच मला ठसा वाचायला शिकवलं, तेही बहुतेक भंगारातल्या सुट्या भागांवर आणि दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्यांवर. विजेरी समोरून धरायची नाही, आडवी धरायची, म्हणजे खाचेच्या एका कडेची सावली दुसरीवर पडते. तरी दिसलं नाही तर खडूची पूड बोटाने हलकेच चोळायची. पातळ कागद ठेवून पेन्सिलीचं शिसं आडवं घासलं की ठशाची नक्कल कागदावर येते. रिव्हॉल्व्हरवर कुठे बघायचं हेही ठरलेलं: नळीच्या बुडाशी, चक्राच्या मागच्या तोंडावर, वरच्या पट्टीवर, मुठीच्या लाकडाखाली, आणि दोरी अडकवायच्या कडीच्या आसपास. कारखान्याचा शिक्का रेखीव आणि एकसारखा दाबलेला असतो. पलटणीतल्या आर्मररने हातोडीने ठोकलेला आकडा वाकडा, कमीजास्त खोल, कधी ओळ सोडून गेलेला. मला ते वाकडे आकडेच जास्त आवडतात. रेखीव शिक्का सरकारने मारलेला असतो. वाकड्या आकड्यामागे कुणाचं तरी मनगट असतं.

बाणाची गोष्ट जुनी आहे. ब्रिटिश आरमाराच्या गोदामांतून दोर, लाकूड, खिळे चोरीला जात म्हणून सरकारी मालावर ही खूण पडू लागली आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस, ती खूण असलेला माल विनापरवाना जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरवणारा कायदा आला. पुढे साम्राज्य पसरलं तशी बाणाला अक्षरं जोडली गेली. हिंदुस्थानसाठी बाणाखाली आय. कॅनडासाठी सी अक्षराच्या पोटात बाण. दक्षिण आफ्रिकेचा बाण यू अक्षराच्या आत. ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण खात्याचा बाण दोन डींच्या मध्ये. आणि दोन बाण टोकाला टोक भिडवून ठोकलेले दिसले की समजायचं, सरकारने हे हत्यार सेवेतून काढून विकलं, आता मालकी सोडली. कंपनी सरकारच्या काळात मालाच्या गठ्ठ्यांवर आणि बंदुकीच्या चापावर वेगळीच खूण असे: बदामाच्या आकारात व्ही-ई-आय-सी ही अक्षरं आणि वर चाराच्या आकड्यासारखं चिन्ह. हीच खूण १७९१ साली मुंबई इलाख्यासाठी विलायतेत पाडलेल्या तांब्याच्या नाण्यांवरही आहे. दुसऱ्या बाजूला तराजू. गठ्ठा, बंदूक आणि पैसा या तिन्हींवर एकच शिक्का मारणारं सरकार काय असेल, हे त्या नाण्याकडे बघितलं की कळतं.

गेल्या काही वर्षांत या हत्यारांचा संग्रह करणाऱ्यांचं एक मोठं जग मला बाहेरून दिसलं. आपल्याकडे ते फारसं नाही, कारण लष्करी मापाची .३८, .४५५ ही रिव्हॉल्व्हर आपल्या कायद्यात निषिद्ध बोअरमध्ये येतात. ती सर्वसामान्य माणसाच्या परवान्यावर मिळत नाहीत आणि मला ते योग्यच वाटतं. माझा पुतण्या अमेरिकेत, ओहायोत असतो. त्याने तिथे रीतसर एक स्मिथ अँड वेसन घेतलं, युद्धकाळातलं ‘व्हिक्टरी’, आणि त्यावरच्या खुणांचे फोटो मला पाठवले. नंबरच्या आधी व्ही. हे व्ही १९४२ साली आलं; आधीची मोजणी दहा लाखाला भिडली आणि नव्या मालिकेला विजयाचं आद्याक्षर मिळालं. नळी पाच इंची, म्हणजे ब्रिटिश फौजांसाठी बनवलेलं. पण वरच्या पट्टीवर स्पष्ट अक्षरांत ठोकलेलं: युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी.

पुतण्याला प्रश्न पडला होता, ब्रिटिश शिपायासाठी बनवलेल्या हत्यारावर अमेरिकेची मालकी कशी? उत्तर ११ मार्च १९४१ च्या लेंड-लीज कायद्यात आहे. ब्रिटनच्या खजिन्यात रोख उरली नव्हती, म्हणून अमेरिकेने माल विकायच्या ऐवजी उसना दिला. कागदोपत्री मालक अमेरिकाच राहिली. चालवणारा कुणीही असो, कुठल्याही रणभूमीवर असो, लोखंड वॉशिंग्टनचं. युद्ध संपल्यावर ब्रिटनने उरलेला माल नाममात्र किमतीत घेतला आणि त्यासकट काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता फेडला तो डिसेंबर २००६ मध्ये.

पुतण्याच्या फोटोंमध्ये पुढचा प्रवासही वाचता येतो. नळीवर आणि चक्राच्या प्रत्येक घरावर बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाच्या खुणा आहेत, कारण इंग्लंडात लष्कराचं हत्यार खाजगी बाजारात विकायचं तर आधी जास्त दाबाचं काडतूस उडवून ते तपासून घ्यावं लागे. काडतुसाच्या पुंगळीची लांबी .७६७ इंच, दाब साडेतीन टन, आणि ‘नॉट इंग्लिश मेक’ अशी आडवी ओळ. ही ओळ वाचून मला वाईट वाटलं. सहा वर्षांच्या युद्धात इंग्लंडने ज्याच्यावर भिस्त ठेवली, ते विकताना त्यावर ‘हे आमचं नव्हे’ असं लिहून पाठवलं. आणि मग हे रिव्हॉल्व्हर स्वस्तातला जुना माल म्हणून पुन्हा अटलांटिक ओलांडून अमेरिकेत आलं. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डपासून निघून ओहायोपर्यंत पोचायला इतकं जग फिरून.

दुर्मीळ खुणेला किंमत येते, आणि किंमत आली की खोटेपणा येतो. भारताचा आय किंवा दक्षिण आफ्रिकेचा यू मुळात नसलेल्या हत्यारावर नंतर ठोकणारे लोक आहेत. मामांनी सांगितलेली ओळख अजून खरी ठरते. शिक्का पोलादावर काळा मुलामा चढण्याआधी पडला असेल तर खाचेच्या तळापर्यंत मुलामा सलग असतो. नंतर ठोकलेला असेल तर कडेला धातू उचलला जातो आणि तिथे मुलामा फुटतो. आजूबाजूची झीज जुनी आणि ठसा टोकदार, असं मूळच्या ठशाचं कधी होत नाही. पण शिक्के नंतरही प्रामाणिकपणे मारले जात, दुरुस्तीत, बदलीत, विक्रीत. म्हणून नवा ठसा म्हणजे खोटा ठसा असंही नाही. एनफिल्डच्या रिव्हॉल्व्हरचंच बघा. रणगाड्याच्या अरुंद जागेत घोड्याचं टोक कपड्यांत, तारांत अडकतं म्हणून १९३८ साली ते टोक काढून टाकलं आणि नमुन्याच्या नावापुढे एक तारा जोडला. आधी बनलेली हत्यारं दुरुस्तीला आली की त्यांचंही टोक उडवलं जाई. जी एका कोपऱ्यात पडून राहिली, दुरुस्तीला गेलीच नाहीत, ती आज दुर्मीळ.

आणि खुणा घासून टाकणारे तर सगळीकडेच. चोरीचं हत्यार असेल तर नंबर आधी कानशीने जातो. पण पोलादावर शिक्का बसतो तेव्हा फक्त वरची खाच पडत नाही. खाचेखालचा धातूही दाबला जातो, त्याच्या आतली रचना बदलते. वरचा थर घासून सपाट केला तरी दाबलेला भाग खाली राहतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तो भाग चकचकीत करून त्यावर तांब्याचं क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण कापसाने फिरवतात. दाबलेला आणि न दाबलेला धातू वेगवेगळ्या गतीने खाल्ला जातो आणि गेलेला आकडा हळूहळू वर येऊ लागतो. फोटो पटकन काढावा लागतो, कारण आम्ल जास्त चाललं की तोही जातो. मी हे मामांकडून ऐकलं तेव्हा कितीतरी वेळ दुसरं काही बोलू शकलो नव्हतो.

अंजूरच्या माणसाला खुणा घासण्याच्या या विषयात आपलं काहीतरी सांगायचं असतं, ते मला इथे सांगू द्या. आमच्या गावचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ यांनी पोर्तुगीज फिरंग्यांच्या जाचातून साष्टी-वसई सुटावी म्हणून पेशव्यांच्या दारी खेटे घातले, माणसं जोडली, वाटा दाखवल्या. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. नाईकांचा वाडा आणि सिद्धिविनायकाचं देऊळ आजही गावात आहे. वसई पडल्यावर चर्चमधल्या मोठमोठ्या घंटा देशावर गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर अशीच एक आहे. तिच्यावर १७०७ हे साल ओतीव आहे, आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. नाशिकला नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर १७२१ साल आहे. काही घंटांवर क्रूस आहे.

मेणवलीला ती घंटा मी जवळून बघितली. मेरीच्या वस्त्राच्या चुण्या बोटाला लागतात. इतक्या मोठ्या विजयानंतर आणलेली वस्तू. पण कुणी कानस घेऊन ती मूर्ती घासली नाही, क्रूस उडवला नाही, साल खोडून आपलं साल घातलं नाही. जिंकलेल्या वस्तूवर आपली खूण मारायची रीत हिंदुस्थानात होतीच. १६८९ मध्ये अदोनीच्या वेढ्यातून बिकानेरच्या महाराजांनी नेलेल्या तलवारींवर ठिपक्यांनी कोरलेली नागरी अक्षरं आजही वाचता येतात. आमच्याकडच्या घंटांवर मात्र पहिल्या मालकाची खूण तशीच राहिली. मला याचा अभिमान वाटतो, वसई घेतल्याइतकाच. म्हणूनच जुन्या हत्याराचा संग्रह करणारा कुणी ‘स्वच्छ’ करायच्या नावाखाली ठसे पॉलिश करून गुळगुळीत करतो तेव्हा माझ्या जिवाला लागतं. गंजही थोडा राहू द्यावा. तेल लावावं, घासू नये.

इतकं सगळं वाचता आलं तरी एक गोष्ट लोखंडावर सापडत नाही: ते चालवणाऱ्याचं नाव. बाण सांगतो सरकार कुठलं, मुकुट आणि आकडा सांगतो तपासलं कुणी, बट नंबर सांगतो मांडणीत जागा कुठली. माणूस कुणी, हे विचारायची त्या शिक्क्यांची तयारीच नाही. विकणारे मात्र हमखास गोष्ट जोडतात. हे बर्मात लढलं, हे जनरलच्या कमरेला होतं. हत्यारावर जे नाही ते हत्याराच्या तोंडी घालू नये, असं मी पुतण्याला निक्षून लिहिलं.

बाण नसणं हीसुद्धा माहितीच असते. ब्रिटिश अधिकारी पुष्कळदा आपलं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या पैशाने घेत. अट एवढीच की सरकारी काडतूस त्यात बसलं पाहिजे. मुंबईत काळा घोड्याला आर्मी अँड नेव्ही स्टोअरची इमारत अजून उभी आहे. त्या दुकानाचं नाव वरच्या पट्टीवर आणि बाण कुठेच नाही, असं वेब्ली सापडलं की ते साहेबाचं खाजगी. साहेबाच्या हत्याराचा मानही वेगळा. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूतच्या वेढ्यात पुणे डिव्हिजनने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली, तेव्हा हत्यारं आधी मोडून टाकली होती. सेनापती टाउनशेंडने आपली तलवार आणि पिस्तूल पुढे केलं, तर तुर्की सेनापतीने ते त्याला सन्मानाने परत दिलं. त्याच डिव्हिजनमध्ये मराठा पलटणींचे शिपाई होते. पाच महिने वेढ्यात अडकून उपासमार सोसलेले ते लोक वाळवंटातून कैदेत चालवले गेले आणि त्यातले कितीतरी वाटेत मेले. त्यांच्या रायफलींवर बाण आणि आय होता. त्यांना परत द्यावं असं कुणाला काही सापडलं नाही.

पलटणीत रिव्हॉल्व्हर मिळे ते अधिकाऱ्याला. गावोगावच्या शिपायाच्या हाती थ्री-नॉट-थ्री, पुढे कधी टॉमी गन. १० जुलै १९४४ रोजी इटलीत नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतली बाकीची सगळी माणसं पडली, तेव्हा ते एकटे मशिनगनच्या मोर्चावर धावून गेले. ग्रेनेड टाकला, टॉमी गनने एकाला पाडलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर चालवली, आणि मग स्वतः गोळी लागून पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ती टॉमी गन कुठे गेली, तिच्यावर कुणाची मालकी ठोकलेली होती, याला काही महत्त्व उरत नाही. क्रॉसच्या पट्टीमागे मात्र नाव कोरलेलं असतं.

साताऱ्याकडे, कोकणात कितीतरी गावांत संगमरवराच्या पाट्या आहेत: या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यापैकी इतक्यांनी प्राण दिले. बहुतेक ठिकाणी फक्त आकडे. तो दगडही बट नंबरच. पण दुसऱ्या महायुद्धाच्या ताऱ्यांच्या बाबतीत एक निराळीच गोष्ट घडली. ब्रिटिश सैनिकांना ते कोरे दिले गेले, आणि हिंदी सैनिकांना दिलेल्या ताऱ्यांच्या मागे मात्र नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकून दिली गेली. ज्या सरकारने त्यांच्या हत्यारावर फक्त बाण मारला, त्याच सरकारने बर्मा स्टार, इटली स्टार यांच्या मागे त्यांचं नाव लिहिलं.

आमच्या सूनबाईंचं माहेर माणगाव तालुक्यात. तिथे ट्रंकेत एक इटली स्टार निघाला, सहा टोकांचा, फीत विटून गेलेली, तरी लाल-पांढरा-हिरवा रंग ओळखू येतो. तो पणजोबांचा, एवढंच घरात माहीत. त्याच्याबरोबरची चांदीची जुनी पदकं कधीच सोनाराकडे आटवली गेली. तारा चांदीचा नव्हता म्हणून वाचला. मी तो उलटा केला, विजेरी आडवी धरली. नाव दिसलं, पण झिजलेलं. खडूची पूड चोळली. सूनबाईंचे वडील शेजारी बसले होते. त्यांनी आजोबांना कधी बघितलं नव्हतं. नंबर मी मोठ्याने वाचला, त्यांनी वहीत उतरवला; मग हुद्दा, मग नाव, मग ‘महरट्टा एल.आय.’

बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राकडे पत्र पाठवायचं ठरलं. पत्र त्यांनी लिहिलं, मी फक्त पेन्सिलीने घासून काढलेली नक्कल सोबत जोडली. नावाचं स्पेलिंग इंग्रज कारकुनाने भलतंच केलेलं आहे. ते दुरुस्त करावं असं घरातल्या पोरांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, ताऱ्यावर जसं आहे तसंच लिहा, आणि शेजारी कंसात आपल्याकडचं खरं नाव, वडिलांचं नाव, गाव. तिथल्या रजिस्टरमध्ये ते चुकलेल्या स्पेलिंगखालीच सापडेल.